समुपदेशकाचे शिक्षण कोठे संपते?

तालुक्याच्या गावी एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, अशी कल्पना करू. तेथे एक समुपदेशक आहे. तो स्वतः एकेकाळी दारूत बुडालेला. उपचार घेतले, सुटला, आणि इतरांना सोडविण्यासाठी तेथेच राहिला. कामाला लागला तेव्हा त्याला दहा दिवसांचे प्रशिक्षण आणि एक प्रमाणपत्र मिळाले. ते प्रमाणपत्र आज चौकटीत भिंतीवर आहे. या गोष्टीला वीस वर्षे झाली. या वीस वर्षांत कायदा बदलला, औषधे बदलली, नशेचे पदार्थ बदलले, माणसाशी बोलण्याच्या पद्धतीबद्दलचे ज्ञान बदलले. बदलले नाही ते फक्त भिंतीवरचे प्रमाणपत्र.

या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणालाही शंका नाही. रात्री दोन वाजता थरथर कापणाऱ्या रुग्णाजवळ तोच बसतो. प्रश्न त्याच्या निष्ठेचा नाही. त्याला पुन्हा शिकण्याची सोय कोणी केली, हा प्रश्न आहे. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या क्षेत्रांत काम करणाऱ्यांचे चालू प्रशिक्षण म्हणजे काय, ते कसे घडते, कसे घडत नाही आणि त्याचा आपल्या वस्तीशी काय संबंध आहे, याचा येथे विचार करायचा आहे.

काम कोण करते?

मानसिक आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर येतो. प्रत्यक्षात रुग्णाचा दिवस डॉक्टरच्या हातात फार थोडा असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे महाराष्ट्र सरकारची चार मोठी मनोरुग्णालये आहेत. तेथे रुग्णाला सकाळी उठविणारा, आंघोळ घालणारा, जेवू घालणारा, तो चिडला तर धरणारा माणूस परिचर असतो. व्यसनमुक्ती केंद्रात हीच जागा समुपदेशकाची आणि जुन्या रुग्णांतून तयार झालेल्या कार्यकर्त्याची असते. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला बाहेर काढू शकतो, हा विचार त्या केंद्राने महाराष्ट्रात रुजविला. गावात आशा कार्यकर्ती असते, तुरुंगात वैद्यकीय अधिकारी असतो, शाळेत शिक्षक असतो. मनाच्या दुखण्याची पहिली गाठ यांच्याशी पडते.

गरज किती मोठी आहे हे आकड्यांवरून दिसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसन उपचार केंद्राने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि सुमारे पावणेसहा कोटी लोकांना दारूच्या संदर्भात मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे कसलाही उपचार मिळालेला माणूस एक. त्याआधी २०१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल आला. दारूमुळे आजारी असलेल्यांपैकी ८६ टक्के उपचाराविना राहतात, असे त्याने सांगितले.

म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या भरवशावर हे काम होणार नाही. ते परिचर, समुपदेशक, आशा, शिक्षक यांनाच करावे लागणार. मग त्यांचे शिक्षण ही दुय्यम बाब राहत नाही. उपचाराचा दर्जा तेथेच ठरतो.

वीस वर्षांत काय बदलले?

प्रथम कायदा घ्या. १९१२ चा कायदा वेड्यांचा कायदा होता आणि त्याचे नावही तसेच होते. १९८७ च्या कायद्याने भाषा थोडी सुधारली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रथमच रुग्णाला हक्क असलेला माणूस मानले. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. दारू आणि मादक पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांचाही मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई केली. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्या साखळ्यांची आठवण या कलमामागे आहे. भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी आली. रुग्णाचे केस सक्तीने भादरता येत नाहीत. रुग्णाला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही, आणि त्याने केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो.

हे शेवटचे कलम आपल्या वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. केंद्रात दाखल झालेल्या माणसाला शिस्त लागावी म्हणून संडास धुवायला लावणे हा उपचाराचा भाग आहे, असे मानणारे अजूनही आहेत. ते काम नेमके कोणाच्या वाट्याला येते, हेही विचारले पाहिजे. ज्या समुपदेशकाला हे कलम ठाऊक नाही तो वाईट माणूस नसेल. पण त्याच्या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजतो.

आत्महत्येच्या प्रयत्नाचेही तसेच. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाखाली तो गुन्हा होता. २०१७ च्या कायद्याने भूमिका उलटवली. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. फक्त सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. पण विष प्यालेल्या पोरीला इस्पितळात न्यायला घाबरणारे घर आणि त्या घराला पोलिसांची भीती घालणारा कार्यकर्ता अजून जुन्या कलमातच जगत असेल, तर कायदा बदलून त्या पोरीला काय मिळाले?

आता वैद्यकाकडे पाहू. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फेफरे येण्याचा धोका असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास माणूस मरतोही. अशा रुग्णाला ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते, आणि ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी त्याचा विचार करावा लागतो. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘खोलीत कोंडा, तीन दिवसांत उतरेल’ हा समज म्हणूनच प्राणघातक आहे. कोठे बोलण्याने भागते आणि कोठे ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते, ही सीमारेषा समुपदेशकाला वारंवार शिकावी लागते.

नशेचे पदार्थही एका जागी थांबलेले नाहीत. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली तेव्हा हातभट्टीवर शिकलेले कार्यकर्ते भांबावले होते. पुढे एमडी नावाने विकला जाणारा मेफेड्रोन आला. २०१५ मध्ये तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणला गेला. हुंगण्याची नशा तर मोठ्यांपेक्षा लहान मुलांत अधिक आहे, असे २०१९ च्या त्या अहवालाने दाखविले. त्यात पंक्चरचे सोल्यूशन येते, खाडाखोडीचे व्हाइटनर येते. दारूच्या रुग्णाला द्यायचा सल्ला स्टेशनवर व्हाइटनर हुंगणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला लागू पडत नाही.

शिबिराने शिक्षण होते काय?

चालू प्रशिक्षण म्हटले की आपल्याकडे शिबिर डोळ्यांपुढे येते. दोन दिवस, एक सभागृह, व्याख्याने, जेवण, प्रमाणपत्र, समूहचित्र. याने माणूस शिकतो काय, या प्रश्नाचे उत्तर संशोधनाने दिलेले आहे आणि ते शिबिरवाल्यांना रुचणारे नाही.

व्यसनाधीन माणसाशी कसे बोलावे याबद्दल पूर्वी एक मत प्रबळ होते. त्याचा अहंकार मोडा, तोंडावर बोला, लाज आणा. अमेरिकेत १९५८ मध्ये निघालेल्या सिनॅनॉन या संस्थेने तर हा शाब्दिक हल्ला हाच उपचार मानला होता. १९८३ मध्ये विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने वेगळी मांडणी केली. माणसाला ढकलले की तो आपल्या व्यसनाची बाजू घेऊन भांडू लागतो. त्याला नीट ऐकले, त्याच्याच मनातली ओढाताण त्याच्यापुढे ठेवली, तर बदलाचे कारण तो स्वतः बोलून दाखवितो. या पद्धतीला प्रेरणात्मक मुलाखत म्हणतात.

ती ऐकायला सोपी वाटते, करायला कठीण आहे. मिलर यांनी आपल्याच शिबिरांची परीक्षा घेतली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात असे दिसले की शिबिर करून गेलेल्या लोकांना आपण पुष्कळ शिकलो असे वाटत होते, पण त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकल्या तेव्हा फरक थोडाच होता. समोरच्या रुग्णाच्या बोलण्यात तर बदल दिसत नव्हता. मग २००४ मध्ये १४० व्यसनोपचार कार्यकर्त्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नुसते शिबिर दिले. काहींना शिबिरानंतर त्यांच्या ध्वनिफिती ऐकून अभिप्राय दिला. काहींना दूरध्वनीवरून मार्गदर्शन दिले. नुसते शिबिर केलेल्यांचे कौशल्य चार महिन्यांत ओसरले. अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचे टिकले.

याचा अर्थ असा की ज्ञान सभागृहात सांगता येते, कौशल्य मात्र कामाच्या जागी, आपल्या चुका दुसऱ्याने पाहिल्यावर येते. पोहण्यावरचे व्याख्यान ऐकून कोणी विहीर पार करीत नाही.

आपल्या शेजारचा एक प्रयोग याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगत या संस्थेने मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांशी ते फार तर चार बैठका बोलत. नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी २६ टक्के त्या अवस्थेतून बाहेर आले होते. या समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ३६ टक्के. पीत राहिलेल्यांच्या रोजच्या पिण्यात मात्र फरक पडला नाही, हेही संशोधकांनी मोकळेपणाने नोंदविले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांच्या ध्वनिफिती ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. तज्ज्ञ गुण देत होतेच, पण हळूहळू सोबत्यांच्या गटानेच हे काम पेलले. म्हणजे पदवी नसलेला माणूस शिकू शकतो. एवढेच नव्हे, तर तो दुसऱ्याच्या शिकण्याची पारखही करू शकतो. ज्ञान वरूनच खाली येते, असे मानणाऱ्या समाजाला हा प्रयोग पुष्कळ काही सांगतो.

सक्ती कोणाला आणि सोय कोणाला?

महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत ३० गुणांचे चालू शिक्षण दाखवावे लागते. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तिच्याकडे नोंदलेले असतात आणि त्यांनाही नूतनीकरणासाठी असेच गुण मिळवावे लागतात. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने मानसोपचार सामाजिक कार्यकर्ते आणि समुपदेशक यांनाही आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतले. यादीत नाव येणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु परिचर या यादीत नाही, आणि पूर्वी स्वतः रुग्ण असलेला, पदवी नसलेला कार्यकर्ता पदवीच्या अटीपाशीच अडतो. ज्याला सक्ती आहे त्यालाच सोय आहे. ज्याचा हात रुग्णाच्या अंगाला रोज लागतो त्याला सक्तीही नाही आणि सोयही नाही.

यात आणखी एक गुंता आहे. मानसिक आरोग्य हे आरोग्य खात्याकडे आणि अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय खात्याकडे. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ चा जिल्हा कार्यक्रम एका बाजूला. २०२० चे नशामुक्त भारत अभियान दुसऱ्या बाजूला. रुग्णाच्या मनात मात्र असे दोन विभाग नसतात. दारू पिणारा माणूस अनेकदा उदासही असतो. पण व्यसनाचा कार्यकर्ता उदासीनता ओळखायला शिकत नाही आणि मनोरुग्णालयातला परिचर व्यसन ओळखायला शिकत नाही, कारण त्यांची शिबिरे वेगवेगळ्या खात्यांची असतात.

२०१७ च्या कायद्यातील ३१ वे कलम या संदर्भात हाती धरण्यासारखे आहे. सरकारी आरोग्य संस्था आणि तुरुंग येथील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचाराचे प्रशिक्षण देण्याचे बंधन त्याने सरकारवर घातले. लोकसंख्येच्या मानाने मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय पातळीवर नेण्यासाठी दहा वर्षांत प्रयत्न करावेत, असेही त्यात आहे. ती दहा वर्षे २०२८ मध्ये भरतात. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातील कोणत्या अधिकाऱ्याला हे प्रशिक्षण मिळाले, हे माहितीच्या अधिकारात एका साध्या अर्जाने विचारता येते.

अभ्यासक्रमात नसलेला धडा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मैला वाहून नेणाऱ्या गटारात उतरणारा सफाई कामगार व्यसनमुक्ती केंद्रात येतो. तो म्हणतो, “साहेब, खाली उतरायचे तर घ्यावीच लागते. वास सहन होत नाही.” जुन्या शिक्षणाचा समुपदेशक म्हणतो, “सगळे असेच म्हणतात. बायकापोरांचा विचार कर.” प्रेरणात्मक मुलाखत शिकलेला विचारील, “न घेता उतरलात असा एखादा दिवस आठवतो का? त्या दिवशी काय झाले?” हे नक्कीच बरे. पण येथेही थांबून चालत नाही. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे समुपदेशकाला ठाऊक असले पाहिजे. नाहीतर तो त्या माणसाला न पिता गटारात उतरायला शिकवील आणि त्यालाच बरे होणे म्हणेल.

विद्यापीठातील आणि वैद्यकीय महाविद्यालयातील समुपदेशकालाही हेच लागू आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुलाने आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीने जीव दिला. जातीवरून होणारी हेटाळणी सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तू फार मनाला लावून घेतोस’ असे उत्तर मिळाले, तर तो पुन्हा त्या खोलीत येत नाही. दुखणे मनात असते, पण ते तेथे उगवलेले नसते. जात, लिंग, धर्म, वर्ग यांवरून उपचारात भेदभाव करता येणार नाही, असे २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. जातीचे नाव कायद्यात आले. समुपदेशकाच्या शिक्षणात ते केव्हा येणार?

आणि हा धडा केवळ सवर्ण समुपदेशकासाठी नाही. वस्तीतून आलेला आपला कार्यकर्ताही ‘आपल्या लोकांना कळतच नाही’ असे रागाने बोलून जातो. स्वतः सुटलेला माणूस न सुटलेल्यावर अधिक कठोर होतो, हा अनुभवाचा भाग आहे. ‘मी सोडली, तुला का जमत नाही?’ या वाक्यात प्रेमही असते आणि तिरस्कारही असतो. दोन्ही वेगळे करायला शिकणे यासाठीच सोबत्यांचा अभिप्राय लागतो.

आपण काय करू शकतो?

सरकारकडे मागायचे ते मागावेच: परिचरांसह सर्वांना पगारी रजेवर प्रशिक्षण, मराठीतील साहित्य आणि शिबिरानंतर किमान सहा महिन्यांचे मार्गदर्शन. बंगळुरूची निम्हान्स संस्था दूरदृश्य माध्यमातून गावोगावच्या कार्यकर्त्यांशी रुग्णांच्या प्रत्यक्ष अडचणींवर चर्चा करते. म्हणजे अंतर ही सबब आता उरलेली नाही. पण मागणी पुरी होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

जिल्ह्यातील चार केंद्रांचे, दोन शाळांचे, एका आरोग्य केंद्राचे मिळून आठ-दहा कार्यकर्ते महिन्यातून एकदा तीन तास बसू शकतात. प्रत्येक वेळी एकाने एक रुग्णकथा मांडावी. नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील वगळावा, कारण गुप्तता हाही रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. यशाची कथा सांगू नये. जेथे आपण अडलो, चिडलो, चुकलो ती सांगावी. इतरांनी उपदेश न करता आधी प्रश्न विचारावेत. रुग्णाची संमती असेल तर संभाषणाची ध्वनिफीत ऐकावी आणि एवढेच मोजावे: आपण किती बोललो, तो किती बोलला? दर तिसऱ्या बैठकीला कायद्याचे एक कलम वाचावे. वर्षातून दोनदा जवळच्या डॉक्टरला बोलावून धोक्याची लक्षणे नव्याने उजळावीत. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावा.

यासाठी अनुदान लागत नाही. एक खोली, चहा आणि आपली चूक चारचौघांत सांगण्याचे धैर्य लागते. यातले तिसरे सर्वांत महाग आहे. परंतु रुग्ण पहिल्या दिवशी आपल्यासमोर बसतो तेव्हा आपण त्याच्याकडे नेमके तेच धैर्य मागत असतो. जे त्याच्याकडे मागायचे ते आपल्याजवळ असू नये, हे बरे नव्हे.